मोजणी बरोबर होती

सुलतानपूर,
रविवार, दुपार

प्रिय मंजू,

जयभीम. पाकिटावरचं अक्षर ओळखूनच तुझ्या कपाळावर आठ्या पडल्या असतील. पडू देत. फोनच केला असता, पण तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे मी ‘सहल’ म्हणायचं आणि तू ‘अगं, कुकरची शिट्टी झाली’ म्हणून ठेवून द्यायचा. दोन वर्षांत तुझ्या कुकरच्या जेवढ्या शिट्ट्या मी ऐकल्या, तेवढ्यात गावजेवण उरकलं असतं. व्हॉट्सअॅपवर लिहावं असंही हे नाही, ते फिरत फिरत कुठे जाईल याचा नेम नसतो. म्हणून आज घरातलं आवरलं, पोरीला मामाकडे धाडलं आणि कागद घेऊन बसले. एकच सांगते, शेवटपर्यंत वाच. मधेच ठेवून देऊ नकोस.

तर बातमी अशी की आपल्या शाळेची सहल निघते आहे. हो, आपल्याच. सव्वीस जानेवारी झाली की पहिल्या शनिवारी, लोणारला. तू म्हणशील, लोणार ही काय सहल झाली, हाकेच्या अंतरावर तर आहे! तेच तर दुखणं आहे. रस्त्याने जाणारे मुंबई-पुण्याचे लोक गाडी थांबवून आपल्या पोरांना सरोवराची वाट विचारतात, पोरं हात लांब करून दाखवतात, आणि चौथीतल्या निम्म्यांनी ते पाहिलेलंच नाही. शिवमला विचारलं, काय रे, कसं असेल सरोवर? तर म्हणाला, पुस्तकात आहे ना मॅडम, गोल आहे. ही पोरं जूनमध्ये पाचवीला दुसऱ्या शाळेत जातील. ‘पुस्तकात आहे ना’ एवढ्यावर त्यांना जाऊ द्यायचं माझ्या जिवावर आलं आणि मी हे लोढणं गळ्यात बांधून घेतलं.

आता माझी पाचावर धारण बसली आहे. भाकरी थापता थापता पोरं मोजते. उतरायची वाट निसरडी, काठाला चिखल, झाडीत माकडं. परवा कुणीतरी सांगितलं की तिकडे आग्या मोहळं असतात, तर त्या विचारात फोडणी करपली. आमचे हे म्हणाले, एवढी धास्ती आहे तर रद्द कर ना, तुला कुणी जबरदस्ती केली का? त्यांना मी असं काही बोलले की बिचारे गुपचूप करपलेली भाजी जेवले. पण खरं सांगू, रद्द करायला एखादं कारण सापडेल का, हे मीही दिवसातून चार वेळा शोधते. गोपाल सर मुख्याध्यापक असून माझ्याकडे पाहून हसतात. त्यांचे गुडघे गेलेले, ते वरच्या कठड्यापाशी थांबणार. खाली पोरांबरोबर मी.

पालकसभा घेतली तेव्हा सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या, झुंबरबाईकडे. तुला दिसतच असेल ती, पदर खोचून दारातच बसलेली, आत ये म्हटलं तरी न येणारी. पुष्पांजलीची आजी काय म्हणते त्यावर सगळं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “जाऊ द्या लेकरायले. काऊन कोंडून ठेवता? पण दोन मॅडम पाह्यजेत, एक पुढं अन् एक मागं. नाहीतं माही नात येत नाही.” आणि ती नाही म्हणाली की बाकीचेही माना हलवणार, हे तुला मी सांगायला नको. शाळेत बाई मी एकटी. शेजारच्या शाळेतल्या दोघींना विचारलं, दोघींनी हात जोडले. दुसरी मॅडम मिळाली नाही तर सहल रद्द, हे सरांनी परवा स्पष्टच सांगितलं.

तू असतीस तर ही वेळच आली नसती, असं म्हणत नाही. तू होतीस तेव्हा सगळं तूच करायचीस आणि मी फक्त चटया अंथरायचे. बिनदप्तराचा शनिवार तेव्हा कुठे कुणाला माहीत होता! एसटीचे कंडक्टर काका तिकिटाचं मशीन घेऊन वर्गात आले आणि प्रत्येक पोराला तिकीट मिळालं, ते काहींनी अजून जपून ठेवलंय. गोधडी शिवणाऱ्या गीताबाई आल्या तर पोरांनी त्यांना सुईत दोरा ओवून द्यायला रांग लावली. आणि तुझं ते पक्षी मंडळ, निंबाखाली डोळे मिटून बसायचं आणि नुसतं ऐकायचं. तू फळ्यावर पाठमोरी लिहिता लिहिता सांगायचीस, कोण कुजबुजलं ते. पोरं म्हणायची, मॅडमच्या पाठीला कान आहेत. यातलं मी जमेल तसं चालू ठेवलंय. पक्षी मंडळ बंद पडलं, मला कावळा आणि कोतवाल यांच्यापुढे जाता येत नाही. नाटक मंडळ मात्र जोरात आहे, स्नेहसंमेलन तोंडावर आलंय.

मेहकरच्या सहलीच्या दिवसाचं तुला काय सांगायचं! पण मला ते एकदा लिहू दे. माझ्या पोरीला कावीळ झाली होती, मी घरी होते, सगळं मागून ऐकलं. जुनं मंदिर पाहून झालं, बसस्थानकावर पोरं पाणी प्यायली, दिवस बुडाला, सगळी गाडीत चढली. तू नेहमीसारखी दारात उभी राहिलीस आणि मोजणी घेतलीस, ज्याने त्याने आपला नंबर ओरडून सांगायचा. सगळे नंबर आले. गाडी निघाली. गावच्या फाट्यावर झुंबरबाई उभी होती, नातीचा डबा घ्यायला हात पुढे केलेला, आणि गाडीत नात नव्हती.

पुष्पांजलीला कुणी बोटही लावलं नाही. चौकशीच्या खिडकीमागे खुर्चीवर बसून ती भजी खात होती. अजूनही तिला ती सहल सगळ्यात भारी वाटते, माइकवर तिचं नाव पुकारलं ना! पण ती सापडेपर्यंत तुझं काय झालं, आणि नंतर काय केलं लोकांनी! तू सांगत राहिलीस, मोजणी बरोबर होती. लोक म्हणाले, मोजलंच नसंल. खात्याचे साहेब म्हणाले, मुलं मोजली असती तर मुलगी राहिली कशी? मी सभेत उठून भांडले, तर मला म्हणाले, तुम्ही कुठं होत्या तिथं? शेवटी तू थकलीस. माझी चूक झाली असं लिहून दिलंस, बदली मागितलीस आणि पार जळगाव जामोदला, सातपुड्याच्या पायथ्याशी जाऊन बसलीस. जाताना मला म्हणालीस, “धम्मा, मला तिचा अठरा ऐकू आला होता गं. पण आता वाटतं, मीच मनात म्हटला असेन. माझ्या कानांचा मला भरवसा राहिला नाही.” वर्गातल्या पोरांना तू मैदानावरसुद्धा नेत नाहीस म्हणे आता. तुझ्याच शाळेतली एकजण मेहकरला प्रशिक्षणात भेटली, ती बोलली. मला रडू आलं आणि रागही आला. तुझा नाही, सगळ्यांचा.

आता तुझ्याकडे काय मागणार हे तुला कळलं असेलच. थांब, कुकर बंद कर आणि पुढे वाच. मी झुंबरबाईला विचारलं, मंजुश्री मॅडम आल्या तर चालतील का? तिने हातातलं निवडणाचं सुपडं खाली ठेवलं. मग म्हणाली, “येऊ दे. माह्या नातीले लई जीव लावला होता तिनं. पण मोजायले लावजो नको.” हे तुला कळवू नये असं मला दहादा वाटलं. पण तुला अंधारात ठेवून बोलवायचं आणि इथे आल्यावर ते कुणाच्या तोंडून तुझ्या कानावर पडायचं, ते माझ्याने व्हायचं नाही.

आणि आता संजीवनीचं. आठवते ना? दुसरीत होती, तुझ्या मेजाला खेटून बसायची. गोपाल सरांची खाकरण्याची नक्कल तिने केली तेव्हा तूच तिला शाबासकी दिलीस आणि मी सरांना घाबरून दार लावून घेतलं. आता चौथीत आहे, नाटक मंडळाचा जीव आहे. पोरांनी स्वतःच एक नाटुकलं बसवलं, शाळेतली हजेरी. शिवम गुरुजी झालेला. अर्धा वर्ग गैरहजर, आणि संजीवनी एकटी सगळ्यांची हजेरी देते, प्रत्येकाच्या आवाजात. हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं. आणि हसता हसताच मी म्हणाले, सहलीत असं करशील तर बघ हं! मी सहज म्हणाले गं. पोरीने नक्कल मधेच सोडली. उठली आणि दप्तर, चपला तशाच टाकून घरी पळाली.

मग ताप. शाळेत नाही. आली तेव्हा कोपऱ्यात बसायला लागली, नाटुकल्यात नाही म्हणाली, सहलीला तर नाहीच. आई म्हणे, जेवत नाही, नुसती बसून राह्यते. मी घरी गेले. गोठ्यामागे तिने माझ्या पदराचं टोक धरलं आणि सोडलंच नाही, सांगून होईपर्यंत. त्या दिवशी मेहकरच्या बसस्थानकावर पुष्पांजली बांगड्यांच्या गाड्यापाशी रमली होती. संजीवनीला म्हणाली, माहा नंबर तू सांग, मी आलीच. आणि हिने सांगितला, पुष्पांजलीच्याच आवाजात. शाळेत रोज करतात तसंच, त्यात तिला वावगं काही वाटलं नाही. मग गाडी निघाली. हिला वाटलं, ती मागे मोठ्या पोरींजवळ जाऊन बसली असेल. लक्षात आलं तेव्हा मेहकर मागे पडलं होतं, आणि तिची जीभच उचलली नाही. मग गावात जे झालं ते पाहून ती आणखी घाबरली. पुष्पांजलीला कुणी विचारलंच नाही, आणि तिच्या लक्षात राहिलं ते फक्त माइकवरचं नाव. सात-आठ वर्षांचं लेकरू, मंजू. दोन वर्षं हे पोटात घेऊन ती लोकांच्या नकला करत राहिली. मी रोज तिच्याशी बोलत होते, मला काही दिसलं नाही.

म्हणजे तुला अठरा ऐकू आला होता. खरोखर आला होता, आणि आवाजही पुष्पांजलीचाच होता. तुझी मोजणी बरोबर होती, कानही बरोबर होते. हे मला गावच्या चावडीवर उभं राहून ओरडून सांगावंसं वाटतं आणि सांगता येत नाही, कारण ती म्हणाली, “कोनाले सांगू नका मॅडम. झुंबरआजीले तं नकोच.” मी म्हटलं, गावात नाही सांगणार, पण मंजुश्री मॅडमना सांगावं लागेल, त्यांचा हक्क आहे. तिने मान खाली घातली. मग म्हणाली, हाव. आणि थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, “मॅडम आल्या तं मी बी येईन. मीच सांगीन त्यायले.” म्हणून हे पत्र, मंजू. ज्या गोष्टीने तुझं नाव धुऊन निघेल, ती तुझ्या हातात देते आहे आणि त्याच दमात सांगते आहे की ती कुणाला दाखवू नकोस. तू माझ्यावर चिडलीस तरी मी ऐकून घेईन. पण ये. मोजणी तूच घ्यायची, झुंबरबाईला काय सांगायचं ते मी बघेन. मला आता ना निसरड्या वाटेची भीती वाटते, ना मोहळांची. ती पोरगी तुझ्यासमोर उभी राहील, बोलेल, आणि मग तुझ्या तोंडाकडे पाहील. तेव्हा तुझ्या तोंडून पहिला शब्द कुठला निघेल, तेवढ्याचीच मला धास्ती आहे.

तुझी वाट पाहणारी, तुझीच
धम्मशीला