चाऊमीन आणि चोवीस तारीख

३ नोव्हेंबर १९५७, रविवार
आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांची सुरुवात कशी झाली हे पुढे कोणालाच नीट आठवत नाही, म्हणून माझी मीच लिहून ठेवतो. ही वही कोणी वाचायची नाही असं हिला बजावलं. ही म्हणाली, वाचायला वेळ कोणाला आहे, आधी दोन घागरी पाणी आणा.
आणल्या.

४ नोव्हेंबर, सोमवार
महत्त्वाचा दिवस. कंपनीची नवी कँटीन पुढच्या महिन्यात सुरू होणार. तिला सुपरवायझर पाहिजे. सुपरवायझरला कॉलनीत क्वार्टर: दोन खोल्या, मोरी आणि मोरीत नळ. सध्या आम्ही पिंपरी गावात गेनबांच्या घरातल्या एका खोलीत. मी, ही आणि दिवाळीला म्हणून फलटणहून आलेल्या सासूबाई सोजराबाई, ज्या अजून आहेत. पाणी नदीचं.
मी टाइम ऑफिसात असतो. गेटावरच्या खिडकीमागे बसून लोकांची हजेरीकार्डं बघायची. माझ्यासारख्या चवीच्या माणसाला ही जागा नाही.
दुपारी उद्धवराव साहेबांना भेटलो. माणसं नेमणं त्यांच्याकडे. साहेब म्हणाले, ज्योतीराम, टाइम ऑफिसच्या माणसाला स्वयंपाकातलं काय कळणार? मी म्हटलं, साहेब, मी घरी चिकन चाऊमीन करतो. साहेबांनी चष्मा काढला. घरी? पिंपरीत? मी म्हटलं, नेहमी. एकदा वहिनीसाहेबांना घेऊन याच.
हे खोटं नव्हे. मी मनात नेहमीच करतो.
साहेब म्हणाले, कधी येऊ? समोर कंपनीचं इंग्रजी कॅलेंडर होतं. चोवीस तारीख, रविवार. कोरी करकरीत. तीच दिली.

त्याच दिवशी, संध्याकाळी
हिला सांगितलं. नळ म्हटल्यावर हिच्या हातातलं लाटणं थांबलं. मग विचारलं, पण तुम्ही ते खाल्लंय कधी? खाल्लंय. दीड वर्षापूर्वी साहेबांची कागदपत्रं घेऊन मुंबईला गेलो होतो तेव्हा, चिनी हॉटेलात. एकदाच खाल्लं, पण नीट बघून खाल्लं. लांब लांब शेवया, कोंबडी, कोबी, गाजर आणि काहीतरी काळं. एवढंच तर आहे.
चोवीस तारखेचं सांगितल्यावर ही आणि सासूबाई दोघी एकदम काहीतरी बोलायला लागल्या. मुद्देसूद नव्हतं. ऐकलं नाही.

६ नोव्हेंबर, बुधवार
पहिला प्रयोग. गेनबांकडून कोंबडा घेतला. गेनबा आमचे घरमालक, शेतकरी माणूस. म्हणाले, मास्तर, (ते मला मास्तर का म्हणतात कळत नाही) हा कोंबडा घरचा हाय, लई वर्सांचा हाय. मला वाटलं अनुभवी म्हणजे चांगला.
दुपारी दोनला चुलीवर ठेवला. दिवेलागणीला ही म्हणाली, अजून सुरी जात नाही. मी म्हटलं, चिनी लोक काड्यांनी खातात, त्यांना सुरीशी काय करायचंय?
शेवया हिनं उन्हाळ्यात पाटावर केलेल्या, डब्यातल्या. ही म्हणाली, आधी तेलावर भाजून घ्या. मी म्हटलं, ही खीर नव्हे. रश्शात सगळ्या एकदम सोडल्या. पाच मिनिटांत रस्सा दिसेना. दहा मिनिटांत शेवयाही दिसेनात. जे उरलं ते पातेलं उपडं केलं तरी पडलं नाही.
दोष कोंबड्याचा. त्यानं वेळ घेतला.
सासूबाई चातुर्मासाचं कांदा-लसूण पाळतात, त्या लांब बसून भाकरी खात होत्या. म्हणाल्या, जावईबापू, भिंतीला पोपडे आलेत, तिथं लावा.

८ नोव्हेंबर, शुक्रवार
काळ्या वस्तूचा शोध लागला. सॉस. टाइम ऑफिसातला चिमाजी पुण्याला लष्करच्या बाजारात गेला होता, त्याला सांगून बाटली मागवली. चिमाजीनंही सुपरवायझरसाठी अर्ज केलाय. बिचारा. पिठलं-भाकरीच्या पलीकडे त्यानं जग पाहिलेलं नाही. बाटली देताना म्हणाला, ज्योतीरामभाऊ, आधी थोडं चाखून बघा, लई खारट आहे. स्पर्धेतला माणूस असंच बोलणार.

१३ नोव्हेंबर, बुधवार
दुसरा प्रयोग. या वेळी पिल्लू कोंबडी घेतली, लवकर शिजली. शेवया शेवटी घातल्या. इथपर्यंत फलटणात काय, चीनमध्येही कोणी नाव ठेवलं नसतं.
मग सॉस. अर्धी बाटली. रंग बरोबर आला. रंगाबरोबर मीठही आलं. आणि मी सवयीनं आधीच मीठ घातलेलं.
इथून पुढे चव जुळवण्याचं काम. हे शास्त्र आहे, घाई करायची नाही. खारटावर उतारा गोड, म्हणून गूळ. गूळ जास्त झाला म्हणून चिंच. चिंच पुढे आली म्हणून तिखट. तिखटानं ठसका लागला म्हणून पाणी. पाण्यानं पांचट झालं म्हणून हिचा काळा मसाला दोन चमचे. मग दाटपणा नाही म्हणून दाण्याचं कूट. पातेलं पुरेना, हंडा घेतला.
ही दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, चिनी माणसं कुठे राहिली आता? मी म्हटलं, आहेत, खाली आहेत.
गेनबांना वाटीभर दिलं. त्यांनी तीन वाट्या खाल्ल्या, बोटं चाटली. म्हणाले, मास्तर, कालवण झ्याक हाय, पर ह्यात ही गांडुळं कशापायी सोडली?
शेतकरी माणूस. पण तीन वाट्या ही पसंतीच झाली. प्रयोग यशस्वी मानतो.

१४ नोव्हेंबर, गुरुवार
हिनं उरलेल्या कोरड्या शेवया माझ्या अपरोक्ष तेलावर परतल्या, मिठाच्या पाण्यात उकळल्या, पाटीत उपसल्या, वर गार पाणी ओतलं. एकेक सुटी झाली. म्हणाली, बघा. बघितलं. किरकोळ बायकी कामं आहेत. मुख्य गोष्ट चव, आणि ती माझ्याकडे आहे.
काड्यांचा सराव चालू. हिच्या विणायच्या सुया घेतल्या आहेत. आज चार दाणे उचलले. पोह्यांचे.

१८ नोव्हेंबर, सोमवार
साहेब गेटावर थांबले. म्हणाले, रविवारचं नक्की ना? मिसेसही येतायत. मी म्हटलं, साहेब, कोंबडी सांगून ठेवलीय. साहेब हसले, म्हणाले, तुम्ही गमतीदार आहात.
गमतीदार! हा शेरा सुपरवायझरला शोभणारा आहे का, यावर दुपारभर विचार केला. आहे.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार
अनर्थ.
सकाळी उठलो तर देवापुढे घट. पानांची माळ. शेजारी समईत तेल, आणि सासूबाई पदर खोचून बसलेल्या. आजपासून खंडोबाचं नवरात्र. चंपाषष्ठीपर्यंत, म्हणजे बुधवारपर्यंत, दिवा विझू द्यायचा नाही आणि घरात वशाट आणायचं नाही.
मी म्हटलं, हे आधी का नाही सांगितलं? ही म्हणाली, चार तारखेपासून सांगतेय. सासूबाई म्हणाल्या, पंचांग खुंटीवरच असतं, जावईबापू, वर मान केली की दिसतं.
मी कंपनीच्या कॅलेंडरवर चालणारा माणूस. त्यात नवरात्र छापलेलं नाही. छापणाऱ्याची चूक.
आणि खंडोबा माझंही कुलदैवत आहे, हे या गडबडीत मी थोडा विसरलो होतो.

त्याच दिवशी, संध्याकाळी
साहेबांना तारीख बदला म्हणायचं? मग ते म्हणणार, याला तारीख सांभाळता येत नाही, कँटीन काय सांभाळणार. नाही. तोडगा काढला आहे: दिवा घरात, कोंबडी घराबाहेर. गेनबांना विचारलं, तुमच्या गोठ्यामागे चूल मांडू का? गेनबांनी कानाला हात लावले. म्हणाले, आमी बी खंडोबाचीच मान्सं. आता कोंबडा इकायचा न्हाई आन् वावरात शिजवायचा बी न्हाई. सट होऊ द्या, मग पायजे तर बोकड कापतो.
इतका मागासलेला गाव.

२३ नोव्हेंबर, शनिवार
कोंबडी निर्वासितांच्या कँपातल्या बाजारातून आणली. ओढ्यापलीकडे, कोणाच्याच हद्दीत नाही अशी जागा हेरून ठेवली. हिला म्हटलं, तू फक्त भांडी दे. ही म्हणाली, देते, पण ती भांडी पुन्हा या घरात नकोत. मग कुंभारवाड्यातून मडकं आणलं.
हिनं विचारलं, आणि पाहुण्यांचं पान कुठे मांडायचं? दिव्यासमोर? याचा विचार उद्या.

२४ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ७
आज नळाचा दिवस. तीन दगडांची चूल पेटली आहे. सॉस जपून घालणार. चव जुळवणार नाही, आधीच बरोबर करणार.

सकाळी ११
वारा फिरला. राख मडक्यात गेली. रंग आपोआपच आला, सॉसची गरज नाही. जरा चाखलं. मीठ विसरलो होतो. घातलं. आता मीठच आहे. बाटली घरी ठेवून गूळ घेऊन येतो.

दुपारी १२
गूळ घेऊन परत येईपर्यंत गेनबांचं कुत्रं येऊन गेलेलं. मडकं आडवं. कोंबडी निवडून खाल्ली, शेवया तशाच ठेवल्या. एकही नाही खाल्ली.
घरी कसं तोंड दाखवावं कळेना. ओढ्यावर बसून हे लिहितो आहे. साहेब साडेबाराला येणार.

संध्याकाळी ५
आता शांतपणे सगळं लिहितो.
मी पोचलो तेव्हा साहेब आणि वहिनीसाहेब दारात चपला काढत होते. वहिनीसाहेब आत आल्या, दिवा बघितला आणि आधी हात जोडले. मग सासूबाईंना विचारलं, घट कधी बसवलेत? मग दोघींची घटावरच्या माळेवरून चर्चा सुरू झाली.
साहेब मला म्हणाले, ज्योतीराम, तुम्ही चोवीस तारीख दिलीत तेव्हा मी घरी जाऊन पंचांग बघितलं, आणि तुम्हाला मानलं. आमच्याकडेही घट असतो. साहेबाला जेवायला बोलवायचं तर नवरात्रातलाच रविवार धरायचा, म्हणजे कोंबडीचा प्रश्नच नाही. आणि वर मला गेटावर सांगता, कोंबडी सांगून ठेवलीय! मिसेस पोट धरून हसली.
मीही हसलो. जरा उशिरा.
एवढ्यात हिनं पानं मांडली. केळीच्या पानावर ढीगभर शेवया, एकेक सुटी. कोबी, गाजर, वाटाणा, सगळं लांब चिरलेलं. कांदा नाही, लसूण नाही. हिरवी मिरची उभी कापून, लिंबू, आणि माझ्या बाटलीतला तो काळा सॉस, फक्त वासापुरता. हे कधी केलं? मी ओढ्यावर असताना. का? ही म्हणाली, पाहुणे उपाशी पाठवायचे काय?
साहेबांनी विचारलं, हे काय? ही म्हणाली, चाऊमीन. साहेब दोनदा वाढून घेत म्हणाले, मुंबईत ह्यात कोंबडी असते म्हणून चव कळत नाही. आणि हे मीठ कोणी घातलं? नेमकं आहे. सासूबाईंनी हिच्याकडे बोट केलं. मी म्हणणार होतो की सॉस माझा, पण तोंडात घास होता.

२७ नोव्हेंबर, बुधवार, चंपाषष्ठी
घट उठला. वांग्याचं भरीत, बाजरीचे रोडगे. येळकोट म्हणून तळी उचलली. गेनबांनी बोकड कापला नाही, पण वांगी पाठवली. नवसाचं काही बोललो नाही, फक्त क्वार्टरचा विषय देवाच्या कानावर घातला. नळ मोरीत पाहिजे, अंगणात नको, हेही.

३० नोव्हेंबर, शनिवार
साहेबांनी बोलावलं. नवे बूट घालून गेलो. साहेब म्हणाले, नेमणूक झाली. शंभर माणसांचं जेवण एकाच चवीचं निघायला हवं, चव हातात असणारं कोणीतरी पाहिजे. मी मान खाली घातली, विनयानं. साहेब म्हणाले, मिसेसनं आग्रह धरला आणि मलाही पटलं. तुमच्या मंडळींना सोमवारी पाठवा.
मी विचारलं, आणि क्वार्टर? मिळेल, म्हणाले. सुपरवायझरच्या नावावर.
चिमाजी दारात भेटला. म्हणाला, ज्योतीरामभाऊ, आपली दोघांचीही गेली म्हणायची. मी म्हटलं, तुझी गेली. माझी घरातच राहिली.
योजना यशस्वी.

२ डिसेंबर, सोमवार
हिचं पहिलं हजेरीकार्ड मी स्वतः खिडकीतून दिलं. ही वेळेवर होती. मी लिहिलं: वेळेवर.

१३ डिसेंबर, शुक्रवार
क्वार्टरमध्ये आलो. मोरी आहे, नळ आहे. सासूबाई म्हणाल्या, नळ चांगला आहे, आता थोडे दिवस राहते. घागरी माळ्यावर टाकल्या. बघून बरं वाटलं, हे लिहायला हरकत नाही, वही कोणी वाचत नाही.
शुक्रवारी कँटीनमध्ये चाऊमीन. दुपारी गेलो. सरळ वाढपाच्या टेबलाशी गेलो, घरचाच मामला. ही पांढरा पदर खोचून उभी होती. मी म्हटलं, जरा इकडे वाढ. हिनं मान वर केली नाही. म्हणाली, रांगेत या.
मागे मशीन शॉपची सगळी माणसं. चिमाजीनं मला पुढे जागा दिली. नाही म्हटलं, मागे जाऊन उभा राहिलो.
ताट मिळालं. मीठ किंचित कमी वाटलं. पुन्हा रांगेत जाऊन मागायचं म्हणजे फारच. तसंच खाल्लं. चाऊमीनमध्ये मीठ थोडं कमीच असतं, असं आजपासून ठरवलं.