हरणाऱ्याचा चहा

शनिवार, ८ मार्च

आज दातवाल्या डॉक्टरला वाचक मंडळातून काढलं. मीच काढायला लावलं!

हे गेल्यापासून वाचनालयाच्या मागच्या खोलीत पहिल्यांदाच गेले. ह्यांची खुर्ची रिकामी. पातेलं पालथं. मंडळात वाचतात ती एकाच प्रकारची पुस्तकं — इंग्लंडातलं लहानसं खेडं, एक चर्च, एक प्रेत आणि गावभर संशयित. नियमही एकच. शेवट फोडायचा नाही. शेवटच्या प्रकरणाआधी प्रत्येकाने आपला खुनी सांगायचा, चुकेल त्याने सगळ्यांना चहा करून पाजायचा. वर्षानुवर्षं ह्यांनीच केला. एकदाही ह्यांचा खुनी बरोबर निघाला नाही! "माणसं तिकडे मरतात आणि दूध इकडे मी उतू घालवतो," म्हणायचे.

मी उभी राहिले आणि सांगून टाकलं. इतक्या लोकांत बोलायची मला सवय नाही, पण बोलले. हॉस्पिटलात रोज दुपारी मी ह्यांना पुस्तक वाचून दाखवायचे. शेवटचं प्रकरण तेवढं उरलं होतं. उद्या वाचू म्हणून खूण घातली आणि औषधं आणायला खाली गेले. वर येते तो दातवाला ह्यांच्या कानाशी वाकलेला — "पोस्टातली बाईच रे! तुझं बरोबर." हे डोळे मिटून हसले. दुसऱ्या दिवशी मी पुस्तक उघडलं तर म्हणाले, "आता कशाला? कळलं की." त्याच संध्याकाळी हे गेले.

ग्रंथपाल बाईंनी विचारलं, "डॉक्टर, खरं का हे?"

"खरं."

टोपी उचलली आणि चालता झाला. माफी नाही, काही नाही.

रविवार, ९ मार्च

बऱ्याच दिवसांनी सलग झोप लागली.

गुरुवार, १३ मार्च

नाही, एवढ्याने भागत नाही.

आज भांडी लावताना ह्यांचा कप हातात आला आणि पुन्हा सगळं डोळ्यांसमोर उभं राहिलं. त्या दिवशी तो थर्मास घेऊन आला होता. चहा ओतून, फुंकर घालून ह्यांना पाजत होता — सहलीला आल्यासारखा! नवं पुस्तक मंडळात आधी त्याच्याकडे जातं, मग ह्यांच्याकडे, मग बाकीच्यांकडे. त्यामुळे शेवट त्या एकट्याला माहीत होता. मिरवायला दुसरी जागा मिळाली नाही त्याला?

ते शेवटचं प्रकरण माझं होतं. मी कधी कादंबऱ्या वाचल्या नाहीत. लग्नानंतर कधी ह्यांनी मला "पुढे काय झालं?" असं विचारलं नव्हतं. हॉस्पिटलात रोज विचारायचे. डोळे मिटून पडलेले असले तरी पान उलटल्याचा आवाज आला की भुवया वर. त्यातली एक दुपार त्याने चोरली. परत कुठून आणू?

सोमवार, १७ मार्च

सुचलं!

मंडळातून काढलं तरी वाचनालयाचा सभासद तो आहेच. त्याच्यासाठी राखून ठेवलेली पुस्तकं बाई खिडकीजवळच्या कप्प्यात ठेवतात. आज त्यातलं वरचं मी मागितलं. "चाळून देते लगेच," म्हटलं.

"वहिनी, तुम्हाला कधीपासून खुनांची आवड?"

"आता लागली."

बाईंना स्वतःला रक्ताचं वावडं. त्या फक्त बागकामाची पुस्तकं वाचतात. कोपऱ्यात बसून शेवटचं प्रकरण तेवढं वाचलं. खुनी माळी निघाला. मग पहिल्याच प्रकरणात, जिथे त्या माळ्याचं नाव येतं, तिथे समासात पेन्सिलीने लिहिलं — हाच. आणि पुस्तक परत दिलं. किती वर्षांनी एखादं काम मनासारखं झालं!

शनिवार, २२ मार्च

त्याने पुस्तक परत केलं. तक्रार नाही. पुढचं घेऊन गेला. त्यात कर्नलची बहीण. तिथेही लिहिलंय.

मंगळवार, २५ मार्च

तिसरं. तरी चूं नाही! रागावत कसा नाही हा माणूस?

शुक्रवार, २८ मार्च

दाढ ठणकतेय. गावात दातांचा डॉक्टर एकच. मरेन, पण जाणार नाही. लवंगेचं तेल लावलं.

सोमवार, ३१ मार्च

गेले. गाल टम्म फुगला होता, धाकटी बहीण हाताला धरून घेऊन गेली. "तुझा राग दाढेला कळतो का?" म्हणाली.

त्याच्या खुर्चीत आडवी, तोंडात बोळे, डोळ्यांवर दिवा. आणि हा शांतपणे —

"वहिनी, समासातलं अक्षर जरा ठळक काढत जा. आमचे डोळे म्हातारे झाले."

मला आ वासून ऐकण्याशिवाय इलाज नव्हता! ज्याला मी टोचत होते त्याच्याच हातात पक्कड. पण हात हलका आहे, ते मानलं पाहिजे. दुखलं नाही.

निघताना हळूच विचारलं, "हॉस्पिटलात त्याला वाचून दाखवायचात ते पुस्तक परत केलंत का वाचनालयात?"

मी मान हलवली. नाही.

"राहू द्या तुमच्याकडेच. हरवलं म्हणा. मी दुसरं एखादं देईन त्यांना."

रस्ताभर विचार करत आले. एवढी कसली भीती याला? बाकीच्यांनी ते वाचू नये असं का वाटतं? आपण काय फोडलं ते सगळ्यांना दिसेल म्हणून! आता तर देणारच. चारचौघांत, टेबलावर ठेवणार.

मंगळवार, १ एप्रिल

पुस्तक काढलं. खूण आहे तिथेच आहे. देण्याआधी ते प्रकरण मीच वाचणार. मोठ्याने, घरातल्या ह्यांच्या खुर्चीसमोर बसून. राहिलेलं काम आहे माझं. मग पोस्टातल्या बाईच्या नावाखाली रेघ मारून देईन.

बुधवार, २ एप्रिल

वाचलं.

पोस्टातली बाई नाही. चर्चमध्ये पेटी वाजवणारा तो मुका-मुका माणूस आहे. पोस्टातल्या बाईचा काहीच संबंध नाही. पान मागेपुढे करून दोनदा पाहिलं.

हे नेहमीसारखे चुकलेच होते.

आणि थर्मास घरून भरून आणलेला होता. म्हणजे हरणाऱ्याचा चहा पाजायचं येतानाच ठरवून आले होते डॉक्टर.

आता पाणी उकळतंय. आमच्याकडे थर्मास नाही, बहिणीचा मागून आणला. डॉक्टर दहाला दवाखाना उघडतात, त्याआधी पोचायला हवं. पुस्तक कपाटात परत ठेवलंय, साड्यांच्या खाली.