नैवेद्याला मफिन

मद्रास, २१ डिसेंबर १९५८

ती. अलकाताईस विद्यूचा नमस्कार.

इकडचा पाऊस संपला, भिंतींची ओल मात्र तशीच. ह्यांचं ऑफिस चालू आहे. जयूची तब्येत विचारलीस. खोकला हटत नाही, संध्याकाळी अंग तापतं. डॉक्टर म्हणाले, रोज अंडं द्या. रवीच्या वेळीही हेच म्हणाले होते.

मी एक नवा पदार्थ शिकले, मफिन. खालच्या मजल्यावरच्या मिसेस रोझारियो नाताळात करतात. त्यांची आई बेदाणे रममध्ये भिजवायची. आता इथे दारूबंदी, म्हणून ह्या चहात भिजवतात. मैदा, लोणी, साखर, पिकलं केळं. पातेल्यात वाळू तापवून त्यावर वाट्या ठेवायच्या, झाकणावर निखारे. आणि अंडी, ताई. ती मी त्यांच्याकडेच फोडते आणि घोटलेलं पीठ वर आणते. सासूबाईंना सांगितलं, हे केळ्याचं सांदण.

पण आमच्याकडे देवाला दाखवल्याशिवाय पोरांच्या तोंडात काही जात नाही. पहिल्याच दिवशी सासूबाईंनी ताटलीत तुळशीपत्र ठेवलं, पाणी फिरवलं आणि प्रसाद म्हणून एक स्वतः खाल्ला. मी दाराशी उभी राहून बघत होते. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. ह्याच हातांनी त्यांनी रवीची अंडी गटारात टाकली होती आणि स्वयंपाकघर गोमूत्राने धुतलं होतं. पोराला जाऊन ह्या मार्गशीर्षात वर्ष होतंय. त्याचा स्वेटर आता जयू घालते.

तेव्हापासून रोज हेच चाललंय. रोज नैवेद्य, रोज प्रसाद.

काल जयूने दीड मफिन खाल्ला. सासूबाई देवापाशी बसल्या होत्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "सूनबाई, उद्या एकादशी. माझ्यासाठी ठेवू नकोस. पोरीला मात्र दे, जे घालतेस ते घालून."

मी ताटली खाली ठेवली.

"वास मला पहिल्याच दिवशी आला होता," त्या म्हणाल्या. "माझ्यापासून लपवायचं आता सुचलं तुला. रवीच्या वेळी का नाही सुचलं?"

कुणी कुणाला विचारायचं हे, ताई? जयूचं तोंड पुसून तिला आत घेऊन गेले. रात्रभर तेच डोक्यात घोळत होतं. खरंच, मला का नाही सुचलं?

जयूचा ताप आजही आहे. तू तुझ्या देवाला तिचं सांग. इथल्याला मी रोज बाटवते आहे, त्याच्याकडे मागायला मला तोंड नाही.

तुझी,
विद्यू