साध्या सुजेचे पेढे

मंगळवार, संध्याकाळ. लोणी भापकर.

नात सुरेखा उद्याच्या पेपरासाठी इंग्रजी कथा मला मराठीत सांगत होती. मी विचारलं, "त्यातली पोर मोठी कधी झाली गं?"

"तिचा बाप आजारी हाय, आबा. खरं ठाऊक असून ती त्याला म्हणते, तुमी बरे व्हाल. तितंच ती मोठी झाली."

आणि तिनं एकदम पुस्तक मिटलं.

काल बारामतीला डॉक्टर मला बाहेर बसवून तिच्याशीच बोलले. येताना तिनं पेढे घेतले. "साधी सूज हाय, आबा." साध्या सुजेला पेढे कोण आणतं? कालच का नाही सुचलं? मी तिला अजून पोरच समजत होतो.

"काय झालं, आबा?"

"काय न्हाय. पेढा उरलाय का?"

तिनं दिला. चव कळली नाही. गोड हाय म्हणालो.