विमानाचा एक तास

३ फेब्रुवारी

"हात हलव गं पोरी, त्यातला एक खिळा आपल्या पैशाचा हाय!" — लढाऊ विमान डोक्यावरून गेलं तेव्हा माझे वडील, दादा, म्हणाले होते. आणे पठारावर, मी सात-आठ वर्षांची. काडीपेटीवरसुद्धा कर असतो, हे त्यांनीच सांगितलं. मी दोन्ही हात हलवले होते.

आज कळंबवरून दोन गेली. मी आमच्या रिकाम्या रानात उभी होते. हात खालीच राहिले.

या रानात दरवर्षी हिराच्या मेंढ्या बसतात. लेंड्यांचं खत आम्हाला, धान्य त्यांना. या वर्षी माझा नवरा गोरख त्यांना म्हणाला, "उसाच्या कडंला बसवा, तिकडच्या जमिनीचा कस उतरलाय." हिरा आणि तिच्या नवऱ्यानं मेंढरांभोवती जाळं लावलं, शेजारी पाल ठोकलं. पहाटे बिबट्या उसातून आला. मेंढरांना शिवलासुद्धा नाही. हिराची मुलगी बानू नेली. चार वर्षांची.

तीन आठवडे होतील. मी अजून रडलेले नाही. स्वयंपाक करते. मीठसुद्धा बरोबर पडतं.

६ फेब्रुवारी

हिराला घेऊन नारायणगावला गेले, वनखात्याच्या एका साहेबांना भेटायला. मेंढपाळांच्या पालांभोवती लोखंडी जाळी आणि सौर दिवे हवेत. साहेब चांगले. चहा पाजला. "मॅडम, निधी आला की पहिलं नाव यांचं."

येताना जीप खच्चून भरलेली. पायाशी टोमॅटोचे क्रेट. ड्रायव्हर ओरडला, "सरका वैनी, अजून दोन पावणं बसत्यात!"

हिरा म्हणाली, "मंग तुज्या मांडीवर घे की!"

सगळी जीप हसली. हिरा नाही. तेवढ्यात वरून विमान गेलं. काचा थरथरल्या. ती वर बघत म्हणाली, "यांचा निधी कवा येतो वो, वैनी?"

माझी मुलगी आरती असलंच विमान उडवते, हे तिला माहीत आहे. टोमणा नव्हता तो. खरंच विचारत होती.

९ फेब्रुवारी

पुण्याच्या एका पेपरच्या रविवार पुरवणीसाठी लेख लिहितेय. लढाऊ विमान एक तास उडवायला काय खर्च येतो, याचे नेटवर तीन वेगळे आकडे. सगळ्यात लहान धरला. तरी त्या एका तासाच्या खर्चात जुन्नर-आंबेगावातल्या सगळ्या पालांना जाळी आणि दिवे! पुन्हा करून बघितलं. तेच उत्तर.

आरतीला फोनवर वाचून दाखवलं.

"आई, तो तास माझा असतो."

"म्हणजे?"

"जे कमी उडतात ते पडतात. पैसे वाचवायचे म्हटलं की विमान कुणी कमी करत नाही. आमचे तास कमी करतात."

हे लेखात घालावं का? दुपारभर पेन हातात धरून बसले. मग भाकरी टाकायला उठले.

१२ फेब्रुवारी

चौकात आरतीचा फ्लेक्स लागला — 'कळंबची वाघीण'! हिरा त्याच्याखालून पाण्याला जाते. मेंढरं आता आमच्या रानात नाहीत. त्यांचं पाल देवळामागच्या पडीक जागेत आहे.

फ्लेक्सवाल्या पप्पूनं नेटवरून विमानाचं चित्र उतरवलं ते भलत्याच देशाचं. शेपटीवर त्यांचाच झेंडा! सावळेरामभाऊ खालून ओरडले, "आरं पप्प्या, दुश्मनाचं विमान दिलंस व्हय पोरीला!" पप्पू शिडीवर चढला, तिरंग्याचं स्टिकर चिकटवलं. "झालं की आपलं, राव! इतक्या स्वस्तात सरकारला तरी मिळालं व्हतं का?"

गोरख पोट धरून हसला. बानू गेल्यापासून पहिल्यांदाच. मग एकदम थांबला आणि घरी निघाला. माझ्यासाठी थांबला नाही.

१३ फेब्रुवारी

लेख पाठवला. आरतीचं वाक्य घातलं नाही.

१६ फेब्रुवारी

छापून आला. फोटो लहान, आकडे मोठे.

गोरखनं उभ्यानंच वाचला. "पोरगी उडवती आन आई हिशोब काढती. लोक काय म्हणत्याल?"

"खोटं लिहिलंय का काही?"

"न्हाई. समदं खरं हाय. उसाच्या कडंचं तेवढं ऱ्हायलं."

नंतर न जेवताच झोपला. मीही उठवलं नाही.

संध्याकाळी हिराला पेपर नेऊन दिला. तिनं घडी घालून चुलीजवळ ठेवला. वाचून दाखवू का, विचारलं.

"नगं, वैनी. जाळी कवा येतीय तेवढं सांगा."

तिच्या दुसऱ्या पोरीच्या पायाला दोरी बांधलेली होती. दोरीचं दुसरं टोक हिराच्या कमरेला.

१८ फेब्रुवारी

साहेबांना फोन. निधी नाही. अजून नाही.

२१ फेब्रुवारी

आरतीचं विमान पडलं. ती आधी बाहेर पडली. पाठीचा मणका मोडलाय, पण जिवंत आहे. टीव्हीवर विमान किती कोटींचं होतं ते सांगतायत. तिचं नाव अजून कुणी घेतलेलं नाही.

गोरख रेल्वेच्या तिकिटांचं बघतोय. मी देवळामागं निघालेय, हिराकडे. दवाखान्यात माझ्याबरोबर चल, म्हणणार आहे. मला दुसरं कुणी नको आहे. ती नाही म्हणेल.