पडद्यातल्या मॅडम

४ तारीख, सोमवार
आलो एकदाचा. दवाखाना छोटा पण नेटका. वॉर्डात ऊन येतं, चहा गरम मिळतो, आणि मोठ्या सिस्टरनी स्वागत असं केलं, की जणू मुलीला स्थळच सांगून आलंय. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली राबलो. इथे मीच मोठा डॉक्टर. फक्त एक ट्रॉली आहे, तिच्यावर स्क्रीन. दुपारी त्यात दूरच्या मोठ्या हॉस्पिटलातल्या जंतुसंसर्गाच्या तज्ज्ञ मॅडम येतात. सिस्टर ट्रॉली खाटेखाटेपाशी ढकलत नेतात आणि स्क्रीनवरून मॅडम विचारतात, हे अँटिबायोटिक कशासाठी, अजून किती दिवस, थांबवता येईल का. म्हटलं, असू दे, शोभेला बरी आहे.

७ तारीख, गुरुवार
मॅडमनी माझी दोन इंजेक्शनं बंद केली. गोड आवाजात, सगळ्यांसमोर. वर पेशंट खडखडीत बरे झाले, हा त्यांचा आगाऊपणा. आता मी काहीही लिहिलं की मोठ्या सिस्टर हळूच म्हणतात, मॅडमना विचारून घेऊ या का, डॉक्टर. इतका अविश्वास इतक्या आदराने माझ्या बायकोलाही कधी दाखवता आला नाही. कोपऱ्यातल्या खाटेवरच्या आजी तर मॅडमसाठी केस विंचरून बसतात. मी गेलो की झोपेचं सोंग.

११ तारीख
माझ्या बोटाला गळू झालंय. मॅडमनी पडद्यातूनच हेरलं. म्हणाल्या, चिरा द्या, पू तपासायला पाठवा, तोवर गोळी नको. हे मला सांगतात. सुईने ओढून थोडा पू पाठवला, चिरा देऊ दिला नाही. कपाटातली सगळ्यात जालीम गोळी घेतली. उतार पडेना, तशी दुसरी.

१३
हात कोपरापर्यंत लाल. रिपोर्ट मॅडमकडे जाणार. म्हणजे माझी गोळी चुकली, हे आज दुपारी भर वॉर्डात ऐकायचं. प्लग काढला आणि ड्रेसिंगच्या कात्रीने स्क्रीनची वायर कापली. जिवाला गार वाटलं.

दुपारी स्क्रीन लागली.

१४
आता मीच खाटेवर. ताप. ट्रॉली उशाशी — कोणी आणली? सिस्टर म्हणतात, कुणीच नाही, आणि ती तर बंद आहे, डॉक्टर. मला मॅडम दिसताहेत. आजींकडे बघत नाहीत. फक्त माझ्याकडे. बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

बहुतेक १५
हरलो. सिस्टरना म्हटलं, विचारा मॅडमना, कुठलं औषध लागू पडेल. त्या फोन लावायला बाहेर गेल्या. इथे मॅडम म्हणतात, फोन कशाला — मी आहे ना — कान जवळ आणा —

बाहेर सिस्टर बोलताहेत. हो मॅडम. सांगा मॅडम, लिहून घेते — म्हणजे मॅडम तिकडे, फोनवर —

मग ही

वाकलोय. काच गार लागायला हवी. गालाला लागतोय तो श्वा