डोहावरच्या पाखरांचं नाव

॥ श्री ॥

धसई, ९ सप्टेंबर १९५८

चि. वाल्मिक यास सकूताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. पाकिटावर सौ. ऐवजी गं. भा. लिहिताना तुझा हात अडखळला, हे अक्षरावरून कळलं. वाईट वाटून घेऊ नकोस. मी वेळेवर जेवते. म्हैस दूध देते.

लिहिण्याचं कारण वेगळं आहे. भाताचा गाभा वाळू लागला आहे. ओढला की सुटून हातात येतो. इकडे तिन्हीसांजेला डोहावरून पांढुरक्या पाखरांचा ढग उठतो आणि सकाळी देवळातल्या गॅसबत्तीखाली पंखांचा ओला ढीग पडलेला असतो. माझे धाकटे दीर काळूराम यांनी तो ढग भाताकडे जाताना पाहिला. तेव्हापासून त्यांचं एकच चालू आहे, की वैनी, रोग डोहात हाय, डोहच साफ कराया पायजे. कुठून तरी डी.डी.टी.चं पोतंही आणलं आहे. मासे मरतील म्हटलं, तर म्हणतात, मासं पुढल्या साली येतील, भात गेलं तं काय खाशील?

भात माझंही आहे, म्हणून मला गप्प बसावं लागलं. पण ह्याच पाखरांकडे बघून आमचे हे गळ बांधायचे. तानसा तलावावर खलाशी होते तेव्हा तिथल्या साहेबाकडून शिकले. गांडूळ लावायचं नाही, कोंबड्याच्या पिसाचं पाखरू करून गळाला बांधायचं आणि पाण्यावर अलगद टेकवायचं. गाव हसायचं, की कोंबडा घरी आणि मासा नदीत. त्यांच्या डबीत दोन तऱ्हेचे गळ आहेत, पांढऱ्या पंखांचे आणि तपकिरी, बिनपंखांचे. दोन वेगळे किडे असावेत.

तुझ्या कॉलेजात किड्यांचे सर आहेत ना? ही पाखरं भात खातात का, एवढं विचार. खात असतील तर मी काही बोलणार नाही. नसतील तर डोह मेलेला मला बघवणार नाही.

तुझ्यावर जीव आहेच, तो वेगळा लिहीत नाही.

सकूताई

---

आसनगाव, १३ सप्टेंबर

ती. गं. भा. सकूताईस वाल्मिकचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र घेऊन सरांकडे गेलो. कपाट पुसणारा असिस्टंट बहिणीचं पत्र घेऊन आला म्हणून ते आधी हसले. पिसाच्या गळाचं वाचल्यावर मात्र खुर्ची पुढे ओढली. ते स्वतः सुट्टीत पिसाच्या गळानं मासे धरतात! मेहुणे कुणाकडून शिकले, पीस कुठलं वापरायचे, दोरा कुठला, अर्धा तास माझी उलटतपासणी.

पण नुसत्या वर्णनावरून ते नाव सांगायला तयार नाहीत. म्हणाले, पांढरं पाखरू हे काय नाव झालं? पांढरी पाखरं शंभर आहेत. तेव्हा ताई, तू डोहावरची वेगळी धर आणि भातातली वेगळी धर. वाळलेले गाभेही पाठव. किडे छोट्या बाटलीत स्पिरिटमध्ये बुडव, आगपेटीत घालू नकोस. दिवाळीला माझ्यासाठी करंज्या पाठवल्या होत्यास तसा चुरा व्हायचा.

तुझ्या भावजींना आठवडाभर थांबव. त्यांना सांग, वाल्मिकनं पाया पडून विनंती केली आहे.

तुझ्या मायेचा भुकेला,
वाल्मिक

---

धसई, १७ सप्टेंबर

चि. वाल्मिक यास अनेक आशीर्वाद.

गाभे आणि दोन बाटल्या पोष्ट्याकडे न देता शेजारच्या धाऊबरोबर पाठवते आहे. तो उद्या कल्याणला जातो, वाटेत आसनगावला तुझ्या हाती देईल. दारूबंदीच्या दिवसांत बाईमाणसानं गावभर स्पिरिट मागत हिंडायचं! कंपाउंडरनं वास घेऊन बघितला, की ताई, प्यायला तं नाय ना? जाऊबाई तर म्हणाल्या, दुःखानं वैनी बिघडली.

भावजी येत्या रविवारपर्यंत थांबतो म्हणाले. पुढं नाय. त्यांचाही दोष नाही. त्यांचं अर्धं शेत पिवळं पडलं आहे, घरात कुणाशी धड बोलत नाहीत.

सरांचं उत्तर कसंही आलं तरी जसंच्या तसं कळव. मला बरं वाटावं म्हणून बदलू नकोस.

सकूताई

---

आसनगाव, १९ सप्टेंबर

ती. सकूताईस शि. सा. नमस्कार, वि. वि.

घाईत लिहितो. धाऊ परत येतो आहे, त्याच्याच हाती देतो. ताई, डोहावरचं पाखरू भात खात नाही. पंख फुटल्यावर ते काहीच खात नाही, त्याला खायला तोंडच नसतं!

त्याचं शास्त्रीय नाव क्लोइऑन. त्यापुढचं, नेमक्या जातीचं नाव विलायतेला विचारावं लागेल, असं सर म्हणाले. भातातला पतंग निराळा, तो शिनोबियस. त्याची अळी गाभ्यात राहते, तू पाठवलेल्या गाभ्यातच निघाली. दोघं एकाच बत्तीवर येतात, एवढंच त्यांचं नातं.

सरांना विचारलं, मासे धरणाऱ्याला एवढ्या अवघड नावाची काय गरज? ते म्हणाले, एका नावात किड्याचं सगळं आयुष्य येतं. क्लोइऑन म्हटलं की पंख येण्याआधी तो पाण्यात, दगडशेवाळात तपकिरी पोहतो, हे कळलं. मासा खाली खात असेल तर तपकिरी गळ बुडवायचा, वर उसळत असेल तर पांढरा टेकवायचा. मेहुण्यांच्या डबीतले दोन्ही गळ एकाच किड्याचे आहेत, ताई. आधीचा आणि नंतरचा.

भावजी कागदावर विश्वास ठेवणार नाहीत. म्हणून सरांनी सांगितलं आहे, की घंगाळात डोहाचं पाणी, दगड, शेवाळ घाल. पाठीवर पंखांची काळसर गाठ आलेले तपकिरी किडे निवडून त्यात सोड, वर विरळ कापड बांध आणि काय निघतं ते त्यांनाच बघू दे. शेजारी बसून गाभे चिरायला लाव.

भातावरचा उपायही विचारला. वाळलेले गाभे उपटून जाळायचे, पानांवरचे अंड्यांचे पुंजके वेचायचे, बत्तीखाली पाण्याची परात ठेवायची.

काय झालं ते लगेच कळव. इथे मला चैन नाही.

वाल्मिक

---

धसई, २४ सप्टेंबर

चि. वाल्मिक यास पोटभर आशीर्वाद.

डोह वाचला. आधी हेच लिहिते.

ह्यांच्या जुन्या धोतराचं फडकं घंगाळावर बांधलं. पहिल्या दिवशी काहीच झालं नाही. भावजी दोनदा येऊन गेले आणि विचारून गेले, की वैनी, डाळ शिजली का? मीही मनातून खचले होते. रविवारी सकाळी पोतं खांद्यावर घेऊनच ते दारात उभे राहिले. मी म्हटलं, जाता जाता एकदा बघून जा. फडक्याला आतून सात-आठ पांढुरकी पाखरं चिकटली होती आणि पाण्यावर त्यांच्या तपकिरी साली तरंगत होत्या. भावजींनी पोतं खाली ठेवलं. फडक्याला कुठे भोक आहे का, बोटानं सगळीकडून चाचपलं. मग कोयती घेऊन ओट्यावर बसले आणि स्वतःच्या शेतातले गाभे चिरले. तिसऱ्यात अळी निघाली. चौथ्यातही.

त्यांनी कोयती खाली ठेवली. मग म्हणाले, चोर घरात आनि मी नदीवर फौजदारी करतू. जाऊबाई हसल्या, तेही हसले. श्रावणात हे गेल्यापासून त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

पोतं ज्याचं त्याला परत गेलं. तीन दिवस सगळी घरं गाभे उपटत आहेत. भात थोडं जाईल, पण बरंच हाती लागेल. भावजींनी तुझ्या सरांना दिवाळीत जेवायला बोलावलं आहे. वर निरोप आहे, की साहेबाला पिसावर मासा नाय गावला तं मी जाळ्यानं देतू, पन उपाशी नाय धाडायचा.

वाल्मिक, ह्यांच्यामागं मी डोहावर गेले ती पाणी आणायला, किडे धरायला. उद्या काही काम नसताना जाणार आहे. थोडा वेळ नुसती बसेन. माझं पुढचं पत्र उशिरा आलं तर घाबरू नकोस, आणि तुझं मात्र लांबवू नकोस.

तुझी,
सकूताई